पाटणच्या घराच्या साइट नोंदी: ड्रॉइंग पास झाल्यानंतरचं काम

काम: पाटण, जिल्हा सातारा. खाली पार्किंग, वर दोन मजले, १२ कॉलम, एम २५ प्रतीचं काँक्रीट, एफई ५००डी प्रतीची सळई. सही आमच्या कराडच्या ऑफिसच्या सरांची. डिझाइन, ड्रॉइंग आणि साइट माझ्याकडे. स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून माझं हे पहिलं स्वतंत्र काम. डिझाइनचे हिशेब सरांनी दोनदा तपासले, त्यात फारसं काही निघालं नाही. जे निघालं ते सगळं ड्रॉइंग ऑफिसबाहेर पडल्यावर. नुकते या धंद्यात आलेल्यांसाठी त्या त्या दिवशी लिहून ठेवलंय.

२३ नोव्हेंबर २०२३

दिवाळी करून मजूर परतले, फुटिंगचे (कॉलमखालच्या पायाचे) खड्डे सुरू झाले. डिझाइनच्या वेळी प्लॉटच्या पुढच्या बाजूला एकच चाचणी खड्डा घेतला होता. १.५ मीटरवर कडक मुरूम लागला, तोच सगळ्या प्लॉटला धरला. आज मागच्या कोपऱ्यातले दोन खड्डे १.५ मीटरपर्यंत गेले तरी काळी मातीच. पहार सहज आत जाते. ठेकेदार अण्णा म्हणाले, "मॅडम, तिकडं आधी वढ्याचं पाणी फिरायचं. शेजारच्याला इचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं."

पुढे खणल्यावर २.३ मीटरला मुरूम मिळाला. कॉलमची उंची वाढवायची नव्हती, म्हणून मुरमापासून १.५ मीटरच्या पातळीपर्यंत १:४:८ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरून घेतलं. त्यासाठी खड्डा फुटिंगपेक्षा चारही बाजूंनी थोडा मोठा घेतला. दोन दिवस आणि सिमेंट-खडीचे साधारण बावीस हजार गेले. पुढच्या कामापासून प्लॉट केवढाही असो, समोरासमोरच्या कोपऱ्यांत किमान दोन खड्डे घेणार. जेसीबीला तासाभराचं काम.

३० नोव्हेंबर

लाइनआउट (जमिनीवर चुन्याने केलेली आखणी) तपासताना एका कॉलमचा मध्य ६० मिमीने सरकलेला. गुनिया बरोबर, दोरी बरोबर, मग चूक कुठून आली? अण्णांच्या खिशातून कागद निघाला. मी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून ए३ कागदावर काढून घेतली होती. मूळ ड्रॉइंग ए१ चं, म्हणजे कागदावरची प्रत्येक लांबी निम्मी झालेली. एका ठिकाणी मी माप लिहायचं विसरले होते, तिथे त्यांनी पट्टी लावून मोजलं आणि अंदाजाने पुरं केलं.

"पट्टीने मोजू नये" अशी टीप ड्रॉइंगवर होती. पण माप लिहिलेलंच नसेल तर माणूस पट्टीच लावणार. आता प्रत्येक कॉलमला दोन्ही दिशांनी एकाच कोपऱ्यापासून धावती मापं दिली आहेत. साइटवरचे जुने कागद गोळा करून फाडले. फाइल पाठवणं बंद. ऑफिसमधून छापून, तारीख टाकून, सही घेऊनच कागद द्यायचा. फुटिंगची जाळी अजून पडली नव्हती, त्यामुळे फक्त चुना आणि अर्धा दिवस गेला.

५ डिसेंबर

आजची नोंद लांब आहे, कारण ही चूक आसपासच्या बहुतेक साइटवर उभी दिसते.

पाटण तालुका भूकंपाच्या झोन चारमध्ये येतो. त्यामुळे आयएस १३९२० (भूकंपात टिकेल असं काँक्रीटचं बांधकाम कसं करायचं याचं भारतीय मानक) लागू, आणि त्यात कॉलमची सळई कुठे जोडायची हे स्पष्ट दिलंय: मजल्याच्या मोकळ्या उंचीच्या मधल्या निम्म्या भागात. आणि एका पातळीवर निम्म्यापेक्षा जास्त सळया जोडायच्या नाहीत. आमच्याकडे मोकळी उंची २.५५ मीटर. म्हणजे जोड खालून ६४० ते १९१० मिमीच्या मध्ये बसला पाहिजे. १६ मिमीच्या सळईला एम २५ मध्ये जोडाची लांबी, म्हणजे दोन सळया एकमेकींशेजारी चढतात ती, ७७७ मिमी येते, आम्ही ८०० धरली. मग प्लिंथच्या (जोत्याच्या) वर सळई निदान १४४० मिमी उभी हवी.

सळई बांधणाऱ्या फिटर मामांनी ९६ सळया कापून ठेवल्या होत्या, सगळ्या ३ मीटरच्या. खालचा वाक ३०० मिमी, फुटिंगपासून प्लिंथपर्यंत १.९ मीटर, वर राहिली ८०० मिमी. म्हणजे जोड थेट प्लिंथवर, भूकंपात कॉलम जिथे सगळ्यात जास्त वाकतो नेमका तिथे, आणि सगळ्याच सळयांचा एकदम. मामांचा हिशेब मात्र चोख होता: १२ मीटरचे चार तुकडे, एक वीतसुद्धा वाया नाही.

ड्रॉइंगवर मी लिहिलं होतं, "जोड आयएस १३९२० प्रमाणे." हे वाक्य साइटवर कोण वाचणार आणि वाचून काय करणार? मामांनी बावीस-पंचवीस वर्षं जे केलं तेच केलं.

ऑफिसात जाऊन कापण्याचा तक्ता बनवला. प्रत्येक कॉलमच्या आठपैकी चार सळया ३.६४ मीटर, त्यांचा जोड तळमजल्यात. उरलेल्या चार ६.६४ मीटर, त्यांचा जोड वरच्या मजल्यात. एका १२ मीटरच्या सळईतून एक लांब आणि एक आखूड निघते, १.७२ मीटर उरते. मामांना हे पटकन पटलं, कारण तक्त्यात तुकडा कुठे वापरायचा तेही लिहिलं होतं: उरलेले तुकडे खुर्च्यांना (वरची सळई उचलून धरणारे आधार) आणि जिन्याला. कापलेल्या ३ मीटरच्या सळया, साधारण ४५५ किलो, लिंटेल आणि बीमच्या जादा सळयांत हळूहळू मुरवतोय. तरी नवी सळई आत्ता विकत घ्यावी लागली आणि मालक काकांना ते समजावताना माझी दमछाक झाली. साडेसहा मीटरच्या सळया वाऱ्याने डुलतात; बांबूची घोडी बांधून चारही बाजूंनी ताण दिलाय.

११ डिसेंबर

आज रिंगा, म्हणजे कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीची आडवी कडी. १९६७ साली याच तारखेला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. साइटवर चहाला आलेल्या एका आजोबांनी स्वतःहून विषय काढला, आणि त्यानंतर रिंगांवरून वाद घालणं मला जरा सोपं गेलं.

कॉलम ३०० बाय ४५०. (आर्किटेक्टना २३० हवा होता, म्हणजे ९ इंची भिंतीत लपतो. ३०० पेक्षा कमी चालत नाही हे मान्य करून घेण्यात एक आख्खी मीटिंग गेली. हॉलमध्ये कोपरा बाहेर येतो, येऊ दे.) बीमच्या सांध्याजवळ ४५० मिमीच्या भागात रिंगांचं अंतर तीन अटींतून ठरतं: कॉलमच्या लहान बाजूचा पाव भाग म्हणजे ७५, बारीकात बारीक उभ्या सळईच्या सहापट म्हणजे ९६, किंवा १००. यांतलं सगळ्यात कमी घ्यायचं, म्हणजे ७५. साइटवर खालपासून वरपर्यंत सरसकट १५०, आणि रिंगेची टोकं ९० अंशात वळवलेली. नियम १३५ अंशाचा, टोक आत गाभ्यात ६५ मिमी तरी गेलं पाहिजे. ९० चं टोक बाहेरच्या कव्हरमध्येच (सळईवरच्या काँक्रीटच्या थरात) असतं. कव्हर उडालं की रिंग उघडते, आणि रिंग उघडली की उभ्या सळया बाहेर फुगतात.

मामा म्हणाले, "मॅडम, एकशेपस्तीस वळवली तर बाजूनं घालता येत नाही. वरनं सोडावी लागते." बरोबर आहे. सळया उभ्या करून झाल्यावर रिंगा बाजूने घालायची पद्धतच ९० अंशावर चालते. १३५ साठी सगळ्या रिंगा आधी खाली ओवून ठेवायच्या आणि एकेक वर सरकवत बांधायच्या. खरा मुद्दा मजुरीचा होता. मामांना पैसे टनावर मिळतात. रिंग दुप्पट आणि वळण अवघड, पण वजन त्या मानाने वाढत नाही. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. टनामागे हजार रुपये जादा ठरले, संध्याकाळपर्यंत चार कॉलम नीट झाले. ज्या कामाचे पैसे दरात नाहीत ते ड्रॉइंगवर कितीही जाड अक्षरात लिहिलं तरी होत नाही.

१६ जानेवारी २०२४

संक्रांतीनंतर पहिल्या स्लॅबच्या बीम. बीम-कॉलमच्या सांध्यात रिंगा नाहीत. एकाही सांध्यात नाहीत. बीमचा सांगाडा सेंट्रिंगच्या (काँक्रीट भरायच्या साच्याच्या) वर बांधून मग खाली पेटीत सोडतात. एकदा तो बसला की सांध्यात बंद रिंग घालायला वाटच राहत नाही. मागाहून घालायचा प्रयत्न केला तेव्हा पक्कड घेऊन मीही खाली वाकले होते. हाताची बोटं जात नाहीत तिथे रिंग कुठली जाणार!

दोन सांगाडे परत वर उचलले, टेकू दिले, कॉलमच्या सळयांवर रिंगा आधी ओवून सांध्याच्या उंचीत लोंबत ठेवल्या, सांगाडा बसल्यावर वर ओढून बांधल्या. जमलं. मग सगळीकडे तेच. यात दोन दिवस गेले, सेंट्रिंगवाल्याने खाडे लावले ते वेगळे. आता ड्रॉइंगच्या कोपऱ्यात क्रम लिहिलाय: आधी सांध्याच्या रिंगा, मग बीम. फक्त पूर्ण झालेल्या सांध्याचं चित्र देऊन उपयोग नसतो, तिथवर पोचायचं कसं तेही द्यावं लागतं.

२७ जानेवारी

अण्णांचा फोन, मी दुसऱ्या साइटवर. "जिन्याच्या लँडिंगच्या बीमला खालनं दोन सोळाच्या हायत. दुकानात सोळा संपलीय. तीन बाराच्या टाकू का? एक वाढवतो." मी "चालेल" म्हणून फोन ठेवला.

रात्री जेवताना हिशेब आठवला. दोन १६ म्हणजे ४०२ चौरस मिमी. तीन १२ म्हणजे ३३९. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर जातं हे शाळेत शिकलेलं, आणि तरी "एक वाढवली" ऐकल्यावर सोळा टक्के कमी पडतील हे डोक्यात आलं नाही. लगेच फोन लावला. काँक्रीट सकाळी होणार होतं. चौथी १२ ची घालायला सांगितली: ४५२, पुरेसं. २३० रुंदीत चार सळया एका थरात बसतात का ते पाहिलं. मध्ये साधारण ३८ मिमी फट राहते, २० ची खडी जाते.

सरांना सांगितल्यावर ते चिडले नाहीत, कॅन्सस सिटीचं हॉटेल सांगितलं. १७ जुलै १९८१, हयात रीजन्सीचे टांगते पूल पडले, ११४ माणसं गेली. मूळ कल्पनेत वरून खालपर्यंत एकच गज दोन पूल धरणार होता. बनवायला सोपं म्हणून त्याचे दोन गज केले: वरचा पूल छताला, खालचा वरच्या पुलाला. बदल किरकोळ दिसतो, पण वरच्या पुलाच्या नटाखालचा भार दुप्पट झाला, आणि त्या जोडाचा हिशेब नव्याने कोणी केला नाही. कागद मात्र मंजूर होऊन गेले.

तेव्हापासून फोनवर "चालेल" बंद. उत्तर एकच: "लिहून पाठवा, तासाभरात सांगते." अण्णा आधी कुरकुरले. आता विचारण्याआधी दुकानात माल आहे का बघतात.

२० फेब्रुवारी

पहिला स्लॅब भरला. विशेष काही नाही. मिक्सरवरचा मुलगा माल सैल करायला पाण्याची बादली ओततो, त्याच्याजवळ मुकादमाला उभं केलं.

२२ मार्च

दुसरा स्लॅब. होळीला गावी जायचं म्हणून सगळे घाईत. या स्लॅबला पुढे १.५ मीटरची बाल्कनी आहे, १५० जाडी. तिची मुख्य सळई वरच्या बाजूला, १० मिमी १५० वर, आत २.२५ मीटर नेलेली. सकाळी पाहिली तेव्हा खुर्च्यांवर नीट बसली होती. भरताना मी मिक्सरजवळ होते. माल वाहणाऱ्यांची वाट बाल्कनीच्या दारातूनच ठेवलेली. दुपारी फोटो काढताना दिसलं की त्या ठिकाणी माणसं सळईवरच उभी आहेत, फळी बाजूला पडलीय. मी ओरडेपर्यंत तो भाग भरून झाला होता.

बाल्कनीखालचे टेकू मी सांगेपर्यंत काढायचे नाहीत, असं अण्णांकडून लिहून घेतलं.

४ एप्रिल

साताऱ्याहून रिबार लोकेटर (काँक्रीटमधली सळई शोधणारं यंत्र) भाड्याने आणला. दोन ठिकाणी छोटं भोक पाडून खातरजमा केली. वरचं कव्हर २० हवं. बाल्कनीच्या बहुतेक भागात २५-३०, ठीक. दारासमोरच्या मीटरभर पट्ट्यात ७० ते ७५.

| | प्रभावी खोली (स्लॅबच्या खालच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंत) | क्षमता, दर मीटर रुंदीला |
|---|---|---|
| ड्रॉइंगप्रमाणे | १२५ मिमी | २६.१ किलोन्यूटन-मीटर |
| दारासमोर, जिथे सगळ्यात वाईट | ७० मिमी | १३.५ किलोन्यूटन-मीटर |

लागणारं, विटांचा कठडा धरून, १९.५. कठड्याऐवजी लोखंडी रेलिंग केलं तर १४.१. म्हणजे कठडा काढूनही दारासमोर थोडं कमीच. सळई तेवढीच, काँक्रीट तेवढंच, पाच सेंटीमीटर खाली बसली आणि ताकद जवळजवळ निम्मी.

६ एप्रिल

अण्णांचा आणि काकांचाही प्रस्ताव: वाळूच्या गोण्या ठेवून बघू, नाही वाकली तर प्रश्न मिटला. मलाही बरा वाटला होता. आयएस ४५६ (काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक) मध्ये अशी चाचणी आहेच: पूर्ण स्थिर भार (स्वतःचं वजन, फरशी), अधिक चल भाराच्या (माणसं, सामान) सव्वापट, २४ तास.

सरांनी कागद पुढे ओढला. चाचणीत या बाल्कनीवर येणारा बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर), दर चौरस मीटरला किलोन्यूटनमध्ये भार धरून: स्वतःचं वजन ३.७५, फरशी १.२, चल भार ३ च्या सव्वापट ३.७५. बेरीज ८.७, त्यावरून ९.८ किलोन्यूटन-मीटर. १५० जाडीच्या एम २५ स्लॅबला तडा जायला साधारण १३.१ लागतो. म्हणजे गोण्या ठेवल्यावर स्लॅबला तडाच जाणार नाही. भार काँक्रीट स्वतःच्या ताणावर पेलेल आणि सळई जवळजवळ मोकळी राहील. सळई ७० वर असो, १२५ वर असो, की नसोच, चाचणी पास! मग पाच-दहा वर्षांनी आकुंचनाने किंवा पाणी मुरून वरून एक भेग पडली की त्या दिवशी सळईची खरी परीक्षा. बाल्कन्या पडतात त्या बऱ्याचदा वर्षानुवर्षं नीट उभ्या राहिल्यानंतर, याचं एक कारण हे.

गोण्यांचा विषय तिथेच संपला.

१९ एप्रिल

दुरुस्ती केली. फरशी बसायची होती ही नशिबाची गोष्ट. दारासमोरच्या पट्ट्यात, दोन्ही बाजूंना थोडं जास्त धरून, वरून २५ मिमी खोल खाचा कापल्या, दर १५० ला एक, खोलीच्या आत २.२५ मीटरपर्यंत. त्यात १० मिमीच्या नव्या सळया इपॉक्सीने बसवल्या. खाच कापताना जुनी सळई कापली जाईल ही भीती नेहमी असते; इथे ती इतकी खाली होती की कटरला लागायचा प्रश्नच नव्हता. खाच ब्रशने आणि हवेने दोनदा साफ केली. धूळ राहिली तर इपॉक्सी धुळीला चिकटतं. पहिली खाच घाईत भरली होती, दुसऱ्या दिवशी छिन्नी लावल्यावर कड सुटली, ती परत केली.

खर्च साधारण अठ्ठावीस हजार, निम्मा अण्णांनी आणि निम्मा ऑफिसने सोसला. कठडा रद्द, लोखंडी रेलिंग. काकूंना तिथे मोठ्या कुंड्या हव्या होत्या, त्या आता पार्किंगच्या कडेला. टेकू आठवड्याने काढले.

पुढच्या स्लॅबला केलेले बदल: खुर्च्या दर मीटरला, त्या खालच्या जाळीला बांधलेल्या. वाहतुकीची वाट बाल्कनी किंवा छज्ज्यावरून न्यायची नाही, दुसरीकडून रॅम्प. भरताना मी मिक्सरजवळ नाही, वरच्या सळईजवळ. मिक्सर मुकादम बघतो, आणि माझ्यापेक्षा बरा बघतो.

१४ मे

वीटकाम सुरू. खाली पार्किंग मोकळं असल्यामुळे तिथल्या कॉलमांमध्ये भिंती नाहीत; असा मोकळा तळमजला भूकंपात सगळ्यात आधी बसतो, २००१ ला अहमदाबादमध्ये अशा बऱ्याच इमारती गेल्या. आमच्या डिझाइनमध्ये त्यासाठी मागच्या दोन बाजूंना काँक्रीटच्या भिंती आहेत. आर्किटेक्टनी आज एका भिंतीत बाइक जाईल एवढी फट मागितली. लिहून मागायला सांगितलं. आलं, हिशेब केला, नाही म्हणून लेखी कळवलं.

२ जून

पावसाच्या आत गच्चीचं पाणी अडवून बघणं बाकी आहे. काकांनी आज हळूच विचारलं, मुलगा पुण्याहून परत येतोय, वर अजून एक मजला चढेल का? अण्णा शेजारी उभे राहून मान डोलवत होते. फुटिंग आणि भिंती दोन मजल्यांच्या हिशेबाच्या आहेत, मागच्या कोपऱ्यात तर काळ्या मातीखालून वर आणलेलं काँक्रीट आहे. उद्या ऑफिसच्या कागदावर उत्तर देतेय: चढणार नाही. गच्चीवर पत्र्याची हलकी शेड चालेल का ते वाऱ्याचा हिशेब करून पुढच्या आठवड्यात कळवेन.